पत्रकारांसाठी शाळा काढणारा परदेशी मुलगा : जोसेफ पुलित्झर



दहावी-बारावीनंतर पुढे काय, असे विचारले की पूर्वी डॉक्टर, इंजिनिअर, बँकेत नोकरी अशी ठराविक उत्तरे मिळत. आता पत्रकारिता आणि मास कम्युनिकेशन हे उत्तरही वर्गावर्गातून ऐकू येते. काहींना तर त्यासाठी अमेरिकेला किंवा इंग्लंडला जायचे असते. पालकांना मग दोन प्रश्न पडतात. बातमी लिहिणे ही काय कॉलेजात जाऊन शिकण्याची गोष्ट आहे? आणि परक्या मुलखात, परक्या भाषेत आपल्या मुलाचा निभाव कसा लागणार?

गंमत अशी की हे दोन्ही प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या आयुष्यात उभे राहिले होते. त्यांचे नाव जोसेफ पुलित्झर. त्यांच्या नावाचे पारितोषिक जगभर माहीत आहे. दरवर्षी ते जाहीर झाले की आपल्याही वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. पण ज्याच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते तो माणूस अमेरिकेत उतरला तेव्हा त्याला धड इंग्रजी येत नव्हते आणि खिशात पैसाही नव्हता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांची ही ओळख.

बालपण आणि समुद्रापारचा प्रवास

जोसेफचा जन्म १० एप्रिल १८४७ रोजी हंगेरीतील मको या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील धान्याचे व्यापारी होते. पुढे कुटुंब पेस्ट शहरात राहायला गेले. तेच पेस्ट आज बुडापेस्टचा एक भाग आहे. घरची स्थिती चांगली होती, मुलांना शिकवायला शिक्षक होते. हंगेरियनबरोबर जर्मन आणि फ्रेंच या भाषाही जोसेफला लहानपणीच येऊ लागल्या. पण १८५८ साली वडील वारले, धंदा बुडाला आणि घराची घडी विसकटली.

जोसेफने सैन्यात जायचे ठरवले. उंच, काटकुळा, त्यात डोळे अधू. ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याला घेतले नाही. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि उत्तरेकडच्या सैन्यासाठी माणसे जमवणारे दलाल युरोपात फिरत होते. अशाच एका दलालाने हॅम्बुर्ग शहरात जोसेफला हेरले. १८६४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तो बॉस्टनच्या बंदरात पोचला. भरतीची रक्कम दलालाच्या हाती न जाता आपल्यालाच मिळावी म्हणून त्याने बोटीवरून उडी टाकली आणि पोहत किनारा गाठला, अशी एक कथा त्याच्याबद्दल सांगतात. घोडदळाच्या ज्या पलटणीत तो दाखल झाला तिच्यात जर्मन बोलणारे पुष्कळ होते, त्यामुळे तिथे इंग्रजी शिकण्याची फारशी गरजच पडली नाही.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि हजारो सैनिकांप्रमाणे तोही बेकार झाला. न्यूयॉर्कमध्ये काम मिळेना. सेंट लुईस शहरात जर्मन लोकांची मोठी वस्ती आहे असे कळल्यावर तो तिकडे निघाला. वाटेत मिसिसिपी नदी आडवी आली आणि नाव भाड्याला पैसे नव्हते. तेव्हा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करून तो पलीकडे गेला, असे सांगतात. त्या शहरात त्याने खेचरांची निगा राखली, ओझी वाहिली, खाणावळीत वाढप्याचे काम केले. परदेशात पहिले दिवस कसे जातात याची कल्पना यावी म्हणून हे सविस्तर सांगितले.

ग्रंथालय हेच कॉलेज

सेंट लुईसमध्ये मर्कंटाइल लायब्ररी नावाचे एक ग्रंथालय होते. काम संपले की जोसेफ तिथे जाऊन बसे. इंग्रजी त्याने तिथेच पक्के केले आणि कायद्याचा अभ्यासही तिथेच केला. कॉलेजची फी भरण्याची ऐपत नव्हती, पण वाचनाची जागा आणि पुस्तके होती. तेवढ्यावर त्याने आपले शिक्षण उभे केले. १८६७ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला.

या ग्रंथालयात बुद्धिबळाची खोलीही होती. एकदा दोन गृहस्थांचा डाव रंगलेला असताना जोसेफने एका खेळीवर मार्मिक शेरा मारला. बोलणे वाढले, ओळख झाली. ते दोघे वेस्टलिश पोस्ट या शहरातल्या नावाजलेल्या जर्मन दैनिकाचे संपादक निघाले. १८६८ साली त्याच दैनिकात जोसेफला बातमीदाराची नोकरी मिळाली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मंडळींनी येथे क्षणभर थांबावे असे आहे. परक्या देशातली त्याची पहिली पत्रकारिता इंग्रजीत नव्हती. लहानपणी घरात शिकलेल्या जर्मन भाषेत, त्याच भाषेच्या वस्तीसाठी निघणाऱ्या वर्तमानपत्रात ती झाली. घरची भाषा त्याला अडचण वाटली नाही. तिनेच त्याला पहिले पाऊल टाकायला जागा दिली, आणि त्या जागेवर उभे राहून त्याने इंग्रजी हस्तगत केली.

इंग्रजी पत्रांचे बातमीदार त्याच्या उच्चारांना आणि अवताराला हसत. पण पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बातमीच्या मागे धावणारा हा मुलगा पुष्कळदा त्यांच्या आधी बातमी आणी. शहरातल्या लाचखोरीवर त्याने निर्भयपणे लिहिले. १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो मिसूरी राज्याच्या विधिमंडळावर निवडूनही गेला. कायद्याने त्याचे वय तेव्हा पुरेसे नव्हते!

बातमीदारापासून मालकापर्यंत

डिसेंबर १८७८ मध्ये सेंट लुईसचे डिस्पॅच हे डबघाईला आलेले पत्र लिलावात निघाले. पुलित्झर यांनी ते २,५०० डॉलरला घेतले आणि लगेच दुसऱ्या एका पत्रात मिळवून पोस्ट-डिस्पॅच सुरू केले. शहरातील धनिक लोक आपली मालमत्ता किती कमी दाखवतात आणि गरीब माणूस मात्र प्रामाणिकपणे किती कर भरतो, हे त्यांनी नावांसकट छापले. सामान्य वाचकाला हे पत्र आपले वाटू लागले.

१८८३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचे वर्ल्ड हे दैनिक ३ लाख ४६ हजार डॉलरला विकत घेतले. तेव्हा त्याचा खप १५ हजारांच्या आसपास होता, तो पुढे ६ लाखांपर्यंत गेला. न्यूयॉर्क हे त्या वेळी परदेशांतून आलेल्या मजुरांचे शहर होते. त्यांना समजेल अशा सोप्या इंग्रजीत, ठळक मथळे आणि चित्रे घालून बातम्या देणे ही पुलित्झर यांची युक्ती होती. स्वतः परकी भाषा धडपडत शिकल्यामुळे नवख्या वाचकाला काय अवघड जाते हे त्यांना नेमके ठाऊक होते.

स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तुम्ही चित्रात पाहिला असेल. फ्रान्सच्या जनतेने तो भेट दिला होता, पण ज्यावर उभा करायचा तो चबुतरा बांधायला अमेरिकेत पैसे जमत नव्हते. श्रीमंतांनी हात आखडता घेतला होता. मार्च १८८५ मध्ये पुलित्झर यांनी वर्ल्डमधून सामान्य लोकांना हाक दिली आणि देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले, मग देणगी कितीही लहान असो. शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे पाठवले, मजुरांनी आपल्या कमाईतले चार पैसे दिले. सुमारे पाच महिन्यांत १ लाख २० हजारांहून अधिक लोकांनी मिळून १ लाख डॉलरच्या वर रक्कम जमा केली. बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती! २८ ऑक्टोबर १८८६ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले.

याच वर्ल्डसाठी १८८७ मध्ये नेली ब्लाय या तरुण महिला वार्ताहराने वेडाचे सोंग घेतले आणि न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दहा दिवस काढले. आत स्त्रियांचे कसे हाल होतात ते तिने लिहिल्यावर चौकशी झाली आणि इस्पितळांसाठीचा निधी वाढवावा लागला. एका बातमीने भिंतीआडच्या माणसांचे आयुष्य बदलू शकते, हे तेव्हा लोकांना दिसले.

काळी बाजू

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या चुका झाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पत्रकाराच्या चरित्रात तरी तसे करणे बरोबर नाही.

१८९५ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या श्रीमंत तरुणाने न्यूयॉर्कचे जर्नल हे पत्र घेतले. त्याने पुलित्झर यांची माणसे जास्त पगार देऊन फोडली. वर्ल्डमध्ये पिवळा झगा घातलेल्या एका पोराची व्यंगचित्रे लोकप्रिय होती. हर्स्टने त्यांचा चित्रकारही पळवला, तेव्हा पुलित्झर यांनी दुसऱ्याकडून तेच चित्र काढून घेतले. दोन्ही पत्रांत तो पिवळा पोरगा दिसू लागला आणि पिवळी पत्रकारिता हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. खपासाठी दोघेही बातम्या फुगवू लागले. १५ फेब्रुवारी १८९८ रोजी क्यूबातील हवाना बंदरात अमेरिकेच्या मेन या युद्धनौकेचा स्फोट होऊन अडीचशेहून अधिक नौसैनिक मेले. कारण निश्चित झालेले नसताना या पत्रांनी स्पेनविरुद्ध वातावरण तापवले. एप्रिलमध्ये युद्ध सुरू झाले. युद्धाची कारणे इतरही होती, पण वर्तमानपत्रांनी आगीत तेल ओतले हे खरे.

दुसरी गोष्ट मुलांची आहे. रस्त्यावर पेपर विकणाऱ्या पोरांना शंभर अंक ५० सेंटला मिळत. युद्धाच्या दिवसांत खप वाढला तेव्हा हा भाव ६० सेंट करण्यात आला. युद्ध संपल्यावर इतर पत्रांनी तो उतरवला, वर्ल्ड आणि जर्नलने उतरवला नाही. जुलै १८९९ मध्ये या पोरांनी संप केला आणि सुमारे दोन आठवडे दोन्ही बलाढ्य पत्रांना जेरीस आणले. भाव कमी झाला नाही, पण न खपलेले अंक परत घेण्याचे मालकांना कबूल करावे लागले. एके काळी नाव भाड्यालाही पैसे नसलेल्या माणसाच्या पत्राविरुद्ध फाटक्या कपड्यांतल्या मुलांना उभे राहावे लागले, याची चुटपुट वाचणाऱ्याला लागल्यावाचून राहत नाही.

अंधारातून चाललेले काम

या सर्व काळात पुलित्झर कचेरीत नव्हते. चाळिशीतच त्यांची दृष्टी जाऊ लागली आणि १८९० मध्ये त्यांनी संपादकाची खुर्ची सोडली. आवाज तर त्यांना इतका सोसेनासा झाला की घरात भिंतीतून आवाज येणार नाही अशी खोली बांधून घ्यावी लागली. वर्षाचा बराच काळ ते आपल्या नौकेवर काढत. चिटणीस रोजची वर्तमानपत्रे त्यांना वाचून दाखवत आणि ते तारेने सूचना पाठवत. अचूकपणा हा त्यांचा सततचा घोष होता. वर्ल्डच्या कचेरीत भिंतींवर त्याचे फलक लावलेले असत, कोण, काय, कुठे, केव्हा, कसे हे प्रश्न बातमीदाराच्या सतत डोळ्यांपुढे राहावेत म्हणून.

नव्या शतकात वर्ल्डने आपली चाल सावरली. १९०८ मध्ये पनामा कालव्याच्या व्यवहारातील ४ कोटी डॉलर कोणाच्या हाती गेले, असा प्रश्न त्याने लावून धरला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट संतापले आणि सरकारनेच अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुलित्झर डगमगले नाहीत. ३ जानेवारी १९११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वर्तमानपत्राच्या बाजूने निकाल दिला.

पत्रकार जन्मावा लागतो की घडवता येतो?

आता पालकांच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळी बहुतेक संपादकांचे मत असे होते की पत्रकार जन्मावाच लागतो, बातमी कचेरीत धक्के खातच शिकायची असते. पुलित्झर स्वतः तसेच शिकले होते. तरीही त्यांना हे मत पटले नाही. १८९२ मध्येच त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शाळेसाठी पैसे देऊ केले होते. विद्यापीठाने तेव्हा ते घेतले नाहीत. पिवळ्या पत्रकारितेचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी शाळा काढली असे पुष्कळदा सांगितले जाते, पण शाळेचा विचार त्याआधीचा आहे, हे या सालावरून दिसते.

१९०३ मध्ये २० लाख डॉलरच्या देणगीचा करार झाला. १९०४ मध्ये त्यांनी एका मासिकात दीर्घ लेख लिहून टीकाकारांना उत्तर दिले. वकिली आणि वैद्यकी शिकवतात, मग ज्याच्या लेखणीवर साऱ्या जनतेचे मत अवलंबून आहे त्याला शिक्षण नको का, असा त्यांचा मुद्दा होता. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, भाषा, आकडेवारी आणि नीती हे विषय त्यांना हवे होते. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी सुचवलेल्या आराखड्यात वर्तमानपत्राचा व्यवहार आणि जाहिरात हेही विषय होते. ज्यांनी खपाचे राजकारण आयुष्यभर केले त्या पुलित्झर यांनीच ते नको म्हटले! पैसा कसा मिळवायचा हे धंद्यात पडल्यावर कोणीही शिकतो. मोहाच्या वेळी सत्य कसे सांभाळायचे, हे मात्र आधी शिकलेले बरे, असा त्यांचा हिशेब असावा.

सल्लागार मंडळावरून विद्यापीठाशी मतभेद झाले आणि काम लांबले. १९०८ मध्ये मिसूरी विद्यापीठाने आपली पत्रकारितेची शाळा सुरू केली. ज्या राज्यात पुलित्झर बातमीदार झाले, त्याच राज्यात ही शाळा निघाली. कोलंबियाची शाळा मात्र त्यांना पाहायला मिळाली नाही. २९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्सटन बंदरात, आपल्या नौकेवर, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

३० सप्टेंबर १९१२ रोजी कोलंबियात वर्ग सुरू झाले. पहिल्या तुकडीत ७९ विद्यार्थी होते, त्यांत डझनभर मुली होत्या. वर्ग संपला की विद्यार्थी शहरात बातम्या शोधायला जात. कोणी अध्यक्षांच्या भेटीची बातमी आणी, कोणी खुनाच्या खटल्याची, कोणी स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चाची. चीनहून आलेल्या एका विद्यार्थ्याने तर वेष पालटून कोकेनच्या अड्ड्याची माहिती काढली. म्हणजे पत्रकारिता शिकायला सातासमुद्रापलीकडे जाणारा विद्यार्थी पहिल्या वर्षापासूनच आहे. १९१७ पासून पुलित्झर पारितोषिके सुरू झाली. १९३७ मध्ये गोविंद बिहारी लाल यांना इतर चौघांबरोबर हे पारितोषिक मिळाले. ते १९१२ मध्ये शिकायला अमेरिकेला गेले होते आणि पुढे विज्ञानविषयक वार्ताहर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

आपला धागा

त्याच कोलंबिया विद्यापीठात जुलै १९१३ मध्ये आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण दाखल झाला. ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते पत्रकारितेच्या वर्गात नव्हते, त्यांचा विषय अर्थशास्त्र होता. पण परत आल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी मूकनायक हे पाक्षिक काढले आणि ज्यांचे म्हणणे कोणी छापत नव्हते त्यांना आवाज दिला. सकाळचे संस्थापक डॉ. नानासाहेब परुळेकर हेही कोलंबियाचेच डॉक्टरेट. अमेरिकेतली वृत्तपत्रे जवळून पाहून आल्यावर १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी पुण्यात सकाळ सुरू केला. दोघांनीही परदेशात शिकलेले ज्ञान मराठी वाचकापर्यंत आणले.

आज आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही पत्रकारिता शिकवली जाते. परदेशी जाणे हा एक मार्ग आहे, एकमेव नाही. कोलंबियाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जेमतेम दहा महिन्यांचा आहे आणि खर्च मोठा आहे. म्हणून पालकांनी कॉलेजचे नाव पाहण्याआधी तिथे शिकवतात काय ते पाहावे. कायदा, इतिहास, आकडेवारी शिकवतात का? विद्यार्थ्याला रस्त्यावर बातमी आणायला पाठवतात का? की नुसता कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचा सराव करून घेतात?

विद्यार्थ्यांनी मात्र थांबू नये. रोज दोन वर्तमानपत्रे वाचावीत, एक मराठी आणि एक इंग्रजी, आणि एकच बातमी दोन्हीकडे कशी आली आहे ते ताडून पाहावे. मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी कोण, काय, कुठे, केव्हा हे प्रश्न विचारावेत. एखादे नाव लिहिताना ते बरोबर आहे ना, हे दोनदा पाहावे. पाच सेंट देणाऱ्याचेही नाव नीट छापण्यातूनच वर्ल्डने लोकांचा विश्वास मिळवला होता, आणि बातम्या फुगवून त्यातला बराचसा घालवलाही होता.

विश्वस्त मंडळींसाठीही या चरित्रात एक गोष्ट आहे. पुलित्झर यांनी पुढे २० लाख डॉलर दिले, पण त्यांना घडवले ते एका ग्रंथालयाने. संध्याकाळी दिवा लावलेली वाचनाची खोली आणि हवे ते पुस्तक काढून देणारे कोणी, एवढे शाळेत असले तरी एखाद्या मुलाचा मार्ग तिथूनच सुरू होऊ शकतो.